पाहणाऱ्याचे ऋण

एक माणूस मरणाच्या दारी पडला आहे आणि दुसरा माणूस त्याच्यासमोर उभा राहून ते मरण टिपून घेतो आहे. पहिल्याला अन्न हवे आहे, पाणी हवे आहे, थंडीत अंगावर घ्यायला एखादे घोंगडे हवे आहे. दुसऱ्याच्या हाती ह्यांपैकी काहीच नाही. त्याच्यापाशी कॅमेरा आहे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, टिपणवही आहे. काही तासांनी तो विमानात बसून निघून जाईल. पहिला तेथेच राहील. ह्या दोघांमधील नात्याला काय नाव द्यावे? दुसऱ्याला साक्षीदार म्हणावे, मदतनीस म्हणावे, की परक्याच्या दुःखावर आपली उपजीविका करणारा म्हणावे?

प्रश्न जुनाच आहे. दूरचित्रवाणीने त्याला धार आणली. वर्तमानपत्राचा वार्ताहर पाहिलेले शब्दांत सांगतो आणि ते शब्द वाचकापर्यंत पोहोचेतो त्यांतील आच थोडी निवालेली असते. दूरचित्रवाणीचा वार्ताहर मरणाऱ्याचा चेहराच आपल्या घरात आणून ठेवतो, आणि तोही बहुधा आपल्या जेवणाच्या वेळी. त्यामुळे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही, पाहणाऱ्या प्रत्येकाचा होतो. त्याचा विचार हवेत करण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने करावा, असे मला वाटते. तो माणूस म्हणजे बीबीसीचे वार्ताहर मायकेल बर्क.

बर्क ह्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९४६ रोजी इंग्लंडमधील सॉलिहल येथे झाला. वडील लहानपणीच दुरावले. आईने एकटीने त्यांना वाढवले. तरुणपणी त्यांना हवाई दलात जायचे होते, परंतु दृष्टीच्या चाचणीत ते नापास झाले. ज्या डोळ्यांना सैन्याने नाकारले त्याच डोळ्यांनी पुढे कोट्यवधी लोक एक भीषण दृश्य पाहणार होते. ब्रॉम्सग्रोव्ह ह्या लहानशा गावातील साप्ताहिकात त्यांनी उमेदवारी केली, नंतर कार्डिफ येथील दैनिकात व ‘डेली मेल’मध्ये काम केले आणि १९७० मध्ये ते बीबीसीत आले. १९८३ मध्ये बीबीसीने त्यांना दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे पाठवले. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा लढा तेथे दिवसेंदिवस पेट घेत होता आणि त्याच्या बातम्या देणे हेच त्यांचे मुख्य काम होते. इथिओपिया हा त्यांच्या कामाचा एक आनुषंगिक भाग होता. तरीही त्यांचे नाव जगाच्या स्मरणात राहिले ते इथिओपियामुळेच.

ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्क उत्तर इथिओपियात पोहोचले. त्यांच्याबरोबर बीबीसी नभोवाणीचे वार्ताहर माइक वूल्ड्रिज होते आणि नैरोबीचे कॅमेरामन मोहम्मद अमीन होते. अमीन ‘व्हिजन्यूज’ ह्या वृत्तसंस्थेसाठी काम करीत. आफ्रिकेतील सत्ताधाऱ्यांशी त्यांचा वर्षानुवर्षांचा परिचय होता आणि बंद दरवाजे उघडून घेण्याची हातोटीही त्यांच्यापाशी होती. बातमीखाली नाव लागते ते वार्ताहराचे. परंतु कोरेमची ती दृश्ये आपण पाहतो ती अमीन ह्यांच्या नजरेने, हे विसरता कामा नये.

कोरेम हे वोल्लो प्रांतातील उंच पठारावरचे गाव. रात्री तेथे हाडे गोठवणारी थंडी पडते. अन्नाच्या आशेने दूरदूरच्या खेड्यांतून चालत आलेली हजारो माणसे गावाबाहेरच्या माळावर उघड्यावर पडून होती. पहाट झाली की रात्रीत कोण गेले हे कळे. मृतदेह कापडात गुंडाळून रांगेने ठेवले जात. बर्क ह्यांचे वृत्त ह्याच पहाटेपासून सुरू होते. बीबीसीने ते २३ ऑक्टोबर १९८४ रोजी दाखवले. दुसऱ्या दिवशी मेकेले येथील वृत्त आले. दूरचित्रवाणीची बातमी सहसा दीड-दोन मिनिटांत आटोपते. कोरेमचे हे वृत्त सुमारे सात मिनिटे चालले.

त्या वृत्तातील शब्द मोजके आहेत. दूरचित्रवाणीच्या लेखनाचा एक व्यावहारिक नियम आहे : एका सेकंदाला तीन शब्द. चित्र जेवढे चालेल तेवढेच बोलायचे. परंतु बर्क ह्यांनी ह्याहूनही कमी बोलणे पसंत केले. आवाज चढवला नाही, विशेषणांची आरास मांडली नाही. आई मुलाचे प्रेत कुशीत घेऊन बसली आहे, हे चित्र दिसत असताना ती दुःखी आहे हे सांगण्याची गरज नसते. शब्दांनी कोठे थांबावे हे ज्याला कळते, त्याला समोरच्या माणसाचा मानही कळतो. वार्ताहराच्या संयमात अलिप्तपणा असतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो दुःखापुढे राखलेला आदर असतो.

परिणाम सर्वश्रुत आहे. जगभरातील सव्वाचारशे केंद्रांनी ही चित्रे दाखवली असे सांगितले जाते. बॉब गेल्डॉफ ह्या आयरिश गायकाने ती घरी बसून पाहिली. त्याच्या पुढाकाराने ब्रिटनमधील गायक एकत्र आले आणि डिसेंबर १९८४ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी प्रचंड जलसे झाले. विमाने धान्य घेऊन निघाली. शाळेतील मुलांनी खाऊचे पैसे दिले. एका माणसाने पाहिले, सांगितले आणि असंख्य माणसांचे हात खिशाकडे गेले. एवढ्यावर लेख संपवता आला असता. साक्षीने आपले काम केले, भुकेल्याला अन्न मिळाले. मग आक्षेप कशाला?

परंतु ह्या वृत्तांमध्येच एक प्रसंग असा आहे की तो आपल्याला एवढ्यावर थांबू देत नाही.

*

मेकेले येथे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पोषणकेंद्र होते. क्लेअर बर्टशिंगर ही तरुण परिचारिका तेथे काम करीत होती. केंद्रात साठ-सत्तर मुलांना घेण्याइतकी जागा होई तेव्हा बाहेर हजाराहून अधिक मुले उभी असत. कोणाला आत घ्यायचे हे तिने ठरवायचे. अगदी अखेरच्या अवस्थेतील मूल घ्यावे तर ते अन्न पोटात गेल्यावरही वाचेल याची खात्री नाही. थोडे बरे असलेले घ्यावे तर ते आणखी चार दिवस कळ काढू शकेल. मधली मुले निवडायची. निवडलेल्यांच्या अंगावर खूण करायची. ती मुले भिंतीच्या आत. उरलेली बुटक्या दगडी भिंतीपलीकडे, आतल्यांकडे पाहत उभी. बर्क ह्यांनी तिला विचारले की, हे काम करताना तुझ्या मनाचे काय होते? तिने उत्तर दिले की, काळीज तुटते. पुढे तिने सांगितले की, कोणी जगावे आणि कोणी मरावे हे ठरवणाऱ्या नाझी अधिकाऱ्यासारखे तिला स्वतःविषयी वाटू लागले होते.

ज्याने प्रश्न विचारला तोही त्या क्षणी निवडच करीत होता. माळावर हजारो माणसे होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत चार-सहा मावतात. कोणाचा चेहरा जगाला दिसावा हे कोणीतरी ठरवले. पुष्कळ तास चित्रण झाले असेल. प्रक्षेपणाला सात मिनिटे मिळाली. कोणते ठेवायचे, कोणते गाळायचे हेही कोणीतरी ठरवले. परिचारिकेच्या हातात खूण करण्याची लेखणी होती, वार्ताहराच्या हातात चौकट होती. दोघांनाही दगडी भिंत टाळता आली नाही.

तर मग दोष कोणाचा? नीतिशास्त्रात ह्या पेचाचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. आपण ज्याला वाचवू शकलो नाही त्याच्या मरणाला आपण जबाबदार असतो काय? मला वाटते, परिचारिकेने भिंत बांधली नव्हती; तुटवड्याने बांधली होती. तिने नकार देऊन हात जोडले असते तर आतली साठ मुलेही गेली असती. जेथे सर्व पर्याय दुःखाचे असतात तेथे निवड करणारा अपराधी ठरत नाही. मात्र त्याला वेदनेतून सुटकाही मिळत नाही. ही वेदना बोथट होऊ न देणे एवढेच त्याच्या हाती असते. क्लेअरने ती बोथट होऊ दिली नाही, म्हणूनच तिचा तो चेहरा आपल्याला आजही अस्वस्थ करतो.

वार्ताहराला हाच न्याय लागू करता येईल काय? काही अंशी येईल. घोंगडे देणे हे चांगलेच काम. पण वार्ताहराने त्या माळावर आपले घोंगडे एकाला दिले असते तर एक रात्र एक माणूस उबेत झोपला असता. त्याने दृश्य बाहेर नेले म्हणून पुढे धान्याची पोती आली. तेव्हा त्याचे तेथे नुसते उभे असणे हे निरुपयोगी नव्हते, निर्दयही नव्हते. सिमोन वेल ह्या फ्रेंच विचारवंत स्त्रीने दुसऱ्याच्या दुःखाकडे संपूर्ण अवधान देणे हीच एक नैतिक कृती मानली आहे. चांगला वार्ताहर हे अवधान स्वतः देतो आणि इतरांकडून घडवून आणतो.

पण परिचारिका आणि वार्ताहर ह्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. परिचारिकेने आत घेतलेल्या मुलाला अन्न दिले की तिचे कर्तव्य पुरे होते. मूल उपाशी का, हे तिने त्या घडीला विचारण्याचे कारण नाही. वार्ताहराचे कर्तव्य मात्र त्या ‘का’पाशी सुरू होते. चौकटीबाहेर कोणती माणसे राहिली ह्यापेक्षाही चौकटीबाहेर कोणते कारण राहिले, हा त्याच्या व्यवसायातील अधिक कठीण प्रश्न आहे.

*

कोरेमच्या दृश्याला बर्क ह्यांनी जे विशेषण लावले ते पुढे फार गाजले : बायबलमधला दुष्काळ, आणि तोही विसाव्या शतकात. शब्द समर्पक होता. पांढऱ्या वस्त्रांतील कृश माणसे, उघडा माळ, सूर्योदय. पाहणाऱ्याला जुन्या करारातील चित्रेच आठवावीत. परंतु ह्या शब्दाला एक चोरवाट आहे. दुष्काळ बायबलमधला म्हटला की तो आकाशातून कोसळलेला वाटतो. पाऊस पडला नाही, पीक आले नाही, माणसे मेली. कोणाचा हात त्यात नाही.

इथिओपियात हात होते. पाऊस हुकला होता हे खरेच; पण तिग्राय व एरिट्रियात लष्करी राजवटीचे बंडखोरांशी युद्ध चालू होते आणि ज्या मुलखात भूक होती तो बहुतांशी युद्धाचाच मुलूख होता. कर्नल मेंगिस्तू हाइले मरियम ह्यांच्या सरकारने सप्टेंबर १९८४ मध्ये क्रांतीचा दहावा वर्धापनदिन राजधानीत थाटामाटात साजरा केला आणि तो पार पडेतो उत्तरेकडील भूक जगाच्या नजरेआड ठेवली. पुढे ह्याच सरकारने दुष्काळग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या नावाखाली लाखो लोकांना, पुष्कळदा बळजबरीने, दक्षिणेकडे हलवले. त्यावर टीका करणाऱ्या एका फ्रेंच वैद्यकीय संघटनेला १९८५ मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले. ह्या दुष्काळातील मृतांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. एवढी माणसे केवळ पावसाने मारली नाहीत.

युद्धाचा उल्लेख त्या काळच्या वृत्तांत होत नव्हता असे नाही. परंतु जगाच्या मनात राहिला तो कोरेमचा माळ आणि क्लेअरची भिंत. चित्र स्मरणात टिकते, कारण निसटून जाते. तोफेचे चित्र घेता येते, पण धान्याची वाट अडवण्याच्या धोरणाचे चित्र कसे घ्यायचे? हे त्या माध्यमाचे दारिद्र्य आहे.

आणि बायबलमधला दुष्काळ तरी खरोखर आकाशातून कोसळलेला आहे काय? उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सात वर्षे सुबत्तेची, सात वर्षे दुष्काळाची. योसेफ सुबत्तेच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवतो आणि म्हणून मिसर देश वाचतो. ही कथा दूरदृष्टीची आणि कारभाराची आहे. पण ती तेथेच संपत नाही. भुकेले लोक धान्यासाठी आधी पैसा देतात, मग गुरे देतात आणि अखेरीस जमीन व स्वतःला फारोच्या स्वाधीन करतात. कोठार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्या जुन्या ग्रंथानेही दृष्टीआड केलेला नाही. दुष्काळाला बायबलमधला म्हणायचेच असेल तर हा प्रश्नही त्याच श्वासात विचारला पाहिजे.

इथिओपियाच्याच इतिहासात ह्याचा आणखी एक दाखला आहे. १९७३ मध्ये जोनाथन डिंबलबी ह्या ब्रिटिश वार्ताहराने त्याच वोल्लो प्रांतातील भुकेवर चित्रपट केला होता. सम्राट हाइले सेलासी ह्यांच्या दरबाराने ती भूक दडवून ठेवली होती. पुढच्या वर्षी लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच चित्रपटात राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये मिसळली आणि ११ सप्टेंबर १९७४ च्या रात्री तो आपल्या दूरचित्रवाणीवरून दाखवला. दुसऱ्या दिवशी सम्राटांना पदच्युत केले. भुकेचे चित्र दाखवून सत्तेवर आलेल्या ह्याच मंडळींनी दहा वर्षांनी स्वतः भूक दडवली. वार्ताहराची साक्ष एकदा त्याच्या हातून सुटली की ती करुणेच्या कामी येते तशी सत्तेच्याही कामी येते. म्हणून साक्ष एकदा देऊन भागत नाही. ती पुन्हापुन्हा द्यावी लागते आणि राजवट बदलली तरी द्यावी लागते.

अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात १९७३ च्या वोल्लोचा अभ्यास केला आहे. देशात धान्य नव्हते म्हणून वोल्लोचे लोक मेले असे नाही. ते विकत घेण्याची त्यांची ताकद संपली होती, आणि उपाशी वोल्लोतून धान्य बाहेरही जात होते, असे त्यांनी दाखवले. आपल्या पिढीतील वाचकांना हीच वर्षे निराळ्या कारणाने आठवतील. १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ! पीक बुडाले होते, विहिरी आटल्या होते नव्हे, तळापर्यंत कोरड्या पडल्या होत्या. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून हाताला फोड आलेली, सुकडीवर वाढलेली माणसे आजही गावोगावी भेटतात. हाल अपार झाले. पण वोल्लोसारखा मृत्यूचा कहर झाला नाही. ह्याचे एक मोठे कारण असे की, येथे विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रे रोज लिहीत होती आणि सरकारला उत्तर द्यावे लागत होते. रोजगार हमीची कल्पना ह्याच काळात पक्की झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. स्वतंत्र वृत्तपत्रे व लोकशाही असलेल्या देशात मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही, ह्या सेन ह्यांच्या प्रसिद्ध प्रतिपादनाचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कोरेमला परदेशाहून वार्ताहर यावा लागला, कारण तेथील माणसाला स्वतःची साक्ष स्वतः देण्याची मुभा नव्हती.

*

साक्ष देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने बर्क ह्यांना देशाबाहेर काढले. वर्णद्वेषाविषयीचे त्यांचे वार्तांकन त्या राजवटीला सोसवले नाही. जून १९९१ मध्ये मेंगिस्तूंच्या पतनानंतर बर्क व अमीन अदिस अबाबा येथे असताना दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. अमीन ह्यांचे ध्वनिमुद्रक सहकारी जॉन मथाई त्यात मरण पावले आणि अमीन ह्यांचा डावा हात गेला. कृत्रिम हात बसवून ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले. त्यात अमीन ह्यांचा अंत झाला.

बर्क पुढे लंडनमध्ये वृत्तनिवेदक झाले. १९९० पासून त्यांनी बीबीसी नभोवाणीवर ‘मॉरल मेझ’ हा नैतिक प्रश्नांवरील चर्चेचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालवला. नाव बोलके आहे : नीतीचा भुलभुलैया. कोरेम आणि मेकेले पाहून आलेल्या माणसाला असे प्रश्न पुस्तकी वाटत नसावेत. दुःखितांच्या छावण्यांत जाऊन आपल्या कनवाळूपणाचे प्रदर्शन करणाऱ्या प्रसिद्ध मंडळींविषयी त्यांनी पुढे जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. त्या नाराजीत मला एक सूक्ष्म विचार दिसतो. ज्याच्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष दुःखितावरून ढळून स्वतःकडे वळते, त्याची साक्ष तेथेच खोटी पडते.

वीस वर्षांनी बर्क पुन्हा इथिओपियाला गेले. तो प्रवास बीबीसीने २००४ च्या आरंभी दाखवला. क्लेअर बर्टशिंगरही त्या सुमारास मेकेलेला परतली. ज्यांची मुले आपण भिंतीबाहेर ठेवली ते लोक आपला द्वेष करीत असतील, ही भीती तिने इतकी वर्षे मनात बाळगली होती. लोकांनी तिचे प्रेमाने स्वागत केले. त्यांनी तिला क्षमा केली असे म्हणणेही बरोबर होणार नाही. त्यांच्या लेखी तिचा अपराध नव्हताच. भिंत कोणी बांधली होती हे भिंतीबाहेर उभ्या असलेल्यांना आपल्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते.

आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मरणाऱ्यासमोर कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस हा ऋणकोच असतो, असे मला वाटते. ज्याचा चेहरा त्याने नेला त्याचे काही त्याने घेतले आहे. ते ऋण तो पैशाने फेडू शकत नाही; खरे, नेमके आणि कारणासकट सांगूनच फेडू शकतो. अर्धे सांगितले तर अर्धे ऋण उरते. आणि आपण? तो चेहरा आपल्या घरात आला तेव्हा ऋणाचा काही भाग आपल्याही नावावर चढला. आपण खिशात हात घालतो, हे चांगलेच आहे. भुकेल्याला आधी भाकरी हवी. पण पैसे देऊन झाल्यावर आपण पुन्हा ताटाकडे वळतो, आणि बर्क ह्यांच्या वृत्तातील ती मुले मात्र बुटक्या भिंतीपलीकडून अजून आपल्याकडे पाहत असतात. त्यांच्या नजरेत राग नाही. ती रागावली असती तर आपल्याला तोंड फिरवणे सोपे गेले असते.